कोरियातील प्राचीन राज्यांच्या स्थापनाकथा: त्यांतून इतिहास कितपत हाती लागतो?

प्रश्न: वाचनवेल्हाळ

गेले काही महिने मी कोरियाचा प्राचीन इतिहास सवडीने वाचत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारतो. किम बूसिक यांच्या देखरेखीखाली ११४५ मध्ये सिद्ध झालेल्या ‘सामगुक सागी’ या ग्रंथानुसार सिल्ला हे राज्य इ.स.पू. ५७ मध्ये, गोगुर्यो इ.स.पू. ३७ मध्ये आणि बेक्जे इ.स.पू. १८ मध्ये स्थापन झाले. तिन्ही राज्यांचे मूळपुरुष त्यात नावानिशी दिलेले आहेत. अडचण अशी, की इतक्या नेमक्या सनांच्या शेजारीच अंडी, कासवे आणि आकाशातून उतरणारे घोडे आहेत. गोगुर्योचा संस्थापक जुमोंग अंड्यातून जन्मला. सिल्लाचा ह्यॉकगॉसेही एका विहिरीजवळ सापडलेल्या अंड्यातून निघाला. दक्षिणेकडील गाया राज्यसमूहाचा सूरो हा तर सहा सोन्याच्या अंड्यांपैकी पहिल्या अंड्यातून बाहेर आला.

माझ्या शंका दोन. या कथांना इतिहासाचे साधन म्हणून काही मोल आहे का, की सन तेवढे उचलून बाकीचे सोडून द्यावे? आणि दुसरी, जी मला अधिक छळते: बेक्जेचा संस्थापक ओन्जो हा जुमोंगचाच मुलगा म्हणून सांगितला आहे, मग त्याच्या जन्मात काहीच अद्भुत कसे नाही? बापासाठी पशुपक्ष्यांनी अंडे राखले, आणि मुलाच्या वेळी साधा एक शुभशकुनही नोंदवलेला नाही. हा लेखकाचा हलगर्जीपणा मानावा, की त्यामागे काही कारण आहे?

उत्तर: शिलालेखप्रेमी

आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहितो; बेक्जेविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक जाणणारे आहेत.

‘सन तेवढे उचलावे आणि कथा सोडावी’ असे आपण म्हणता. माझा अनुभव नेमका उलट आहे. यांतील सन हाच सर्वांत कच्चा भाग आहे आणि कथा त्यामानाने पुष्कळ पक्की आहे. ‘सामगुक सागी’ सिद्ध झाला तेव्हा गोगुर्यो बुडून पावणेपाच शतके लोटली होती, त्यामुळे त्या ग्रंथापासून आरंभ केला की थोडी दिशाभूल होते. जुमोंगची कथा त्याहून सात शतकांपूर्वी दगडात कोरलेली आहे, आणि तो दगड आजही उभा आहे. चीनच्या जिलिन प्रांतातील जिआन येथे, जेथे गोगुर्योची जुनी राजधानी होती, सम्राट ग्वांगेतो याच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा जांगसू याने ४१४ मध्ये हा स्तंभ उभारला. त्याची उंची ६.३९ मीटर असून चारही बाजूंवर मिळून सुमारे १,७७५ चिनी अक्षरे आहेत. लेखाचा आरंभच मूळपुरुषापासून होतो. त्यात त्याचे नाव छूमो असे येते. तो उत्तर बुयोहून, म्हणजे उत्तरेकडील एका जुन्या राज्यातून, आला, तो स्वर्गाधिपतीचा पुत्र, त्याची आई नदीदेव हाबेक याची कन्या, आणि तो अंडे फोडून जन्मला. पळून जाताना वाटेत मोठी नदी आडवी येते, तेव्हा तो काठावर उभा राहून आपले कुळ सांगतो आणि लव्हाळी जोडून कासवांना वर येण्याची आज्ञा करतो. तत्काळ पूल तयार होतो. अखेरीस त्याला या जगाच्या राज्यपदाचा वीट येतो, पिवळा ड्रॅगन त्याला न्यायला खाली येतो आणि तो ड्रॅगनच्या मस्तकावर पाय ठेवून स्वर्गात जातो.

आता याच दगडावर पुढे काय आहे ते पाहावे. ग्वांगेतोच्या स्वाऱ्या येतात, जिंकलेल्या गढ्यांची नावे येतात, आणि शेवटी राजघराण्याच्या थडग्यांची राखण करण्यासाठी नेमलेल्या ३३० कुटुंबांची गावनिहाय यादी येते. ही माणसे कोणी विकत घेऊ अथवा विकू नयेत, असा दंडकही सांगितलेला आहे. अंड्यातून झालेला जन्म आणि राखणदारांची हजेरी यांना एकाच दगडावर जागा मिळाली, यावरून दरबाराच्या लेखी ही कथा काय होती याची कल्पना येते. त्या काळी तो राज्याच्या मालकी हक्काचा दस्तऐवज होता.

मात्र ही कथा मुळात गोगुर्योची नव्हती, आणि येथे खरी गंमत आहे. चिनी विचारवंत वांग छुंग याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलेली एक कथा अशी: उत्तरेकडील एका राजाच्या दासीला आकाशातून कोंबडीच्या अंड्याएवढे तेज अंगावर आल्यामुळे गर्भ राहतो. मूल डुकरांच्या खुराड्यात टाकले तर डुकरे आणि घोड्यांच्या पागेत टाकले तर घोडे त्याच्यावर उबदार श्वास सोडून त्याला जगवतात. ते मोठे होऊन पट्टीचे तिरंदाज होते, राजा त्याच्या जिवावर उठतो, तो दक्षिणेकडे पळतो, नदीवर मासे आणि कासवे पूल करतात, आणि पलीकडे तो राज्य स्थापतो. त्या वीराचे नाव दोंगम्यॉंग आणि त्याने स्थापलेले राज्य बुयो. नदीच्या नावांतसुद्धा साम्य आहे. थोडक्यात, गोगुर्योच्या दरबाराने बुयोच्या वडाची साल आपल्या पिंपळाला लावली. लावताना केलेले बदल मात्र बोलके आहेत. दासीच्या जागी नदीदेवाची कन्या आली, म्हणजे आईकडचे कुळ सुधारून घेतले. आणि अंड्याएवढ्या तेजाचे प्रत्यक्ष अंडे झाले.

गोगुर्योला याची गरज का पडली असावी, याबद्दल माझे मत असे. चौथ्या शतकात या राज्याने दोन मोठे मार खाल्ले होते. ३४२ मध्ये पश्चिमेकडील शेजारी मुरोंग घराण्याच्या सैन्याने राजधानी जाळून राजाच्या बापाचे थडगे उकरले आणि प्रेत बरोबर नेले. ३७१ मध्ये बेक्जेशी झालेल्या लढाईत खुद्द राजा गोगुगवॉन मारला गेला. पुढचा राजा सोसूरिम याने ३७२-७३ च्या सुमारास विद्यालय, बौद्ध धर्म आणि कायदे आणून घराची डागडुजी केली. ज्या घराण्याच्या पूर्वजाचे प्रेत शत्रूने पळवले, त्या घराण्याला आपला मूळपुरुष प्रेत मागे न ठेवता ड्रॅगनच्या मस्तकावरून स्वर्गात गेला असे सांगावेसे वाटणे मला अगदी समजण्यासारखे वाटते. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

सनाविषयी दोनच गोष्टी सांगतो. चीनच्या हान साम्राज्याने इ.स.पू. १०७ मध्ये स्थापलेल्या श्वानथू या सुभ्यात ‘गोगुर्यो’ नावाचा परगणा होता, म्हणजे हे नाव इ.स.पू. ३७ च्या आधीपासून प्रचारात होते. शिवाय ६६८ मध्ये गोगुर्यो बुडण्याच्या सुमारास चीनच्या तांग दरबारातील एका अधिकाऱ्याने गोगुर्योच्या एका गुप्त भाकितग्रंथाचा हवाला देऊन या राज्याचे आयुष्य नऊशे वर्षांच्या घरात धरले होते, आणि ही नोंद खुद्द ‘सामगुक सागी’नेच जपली आहे. इ.स.पू. ३७ पासून मोजले तर सातशे पाचच वर्षे भरतात. सिल्लाचे इ.स.पू. ५७ हे वर्ष साठ वर्षांच्या चक्रातले पहिले, म्हणजे ‘गाप्जा’ वर्ष आहे. ग्रंथकर्ता स्वतः सिल्लाच्या सरदार कुळातला. तीन भावंडांत सिल्ला थोरले का ठरले, हे यावरून ज्याचे त्याने ताडावे.

उत्तर: दक्षिणवाट

बेक्जेच्या शंकेबद्दल. हा हलगर्जीपणा नाही. माझ्या मते ओन्जोच्या कथेत अंडे नसणे हीच त्या कथेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आधी कथा नीट लावून घेऊ. जुमोंग पळून जोल्बोनला येतो आणि तेथील राजकन्येशी लग्न करतो. तिच्यापोटी बिर्यू आणि ओन्जो हे दोन मुलगे होतात. मग एके दिवशी बुयोमध्ये मागे राहिलेला त्याचा पहिला मुलगा यूरी येऊन उभा राहतो. बापाने जाताना सांगून ठेवलेली खूण, म्हणजे सात कोपऱ्यांच्या दगडावर, पाइनच्या खाली पुरलेला तलवारीचा तुकडा, त्याने शोधून काढलेला असतो. रानोमाळ भटकून थकल्यावर घरातल्याच खांबाच्या बुडातून आवाज आला, आणि खांबाचा पायथ्याचा दगड सात कोपऱ्यांचा आहे हे त्याच्या लक्षात आले. तुकडा जुळतो, यूरी युवराज होतो, आणि धाकटे दोघे आता येथे आपले काही खरे नाही हे ओळखून दहा सरदारांसह दक्षिणेकडे निघतात. बिर्यू समुद्रकाठच्या मिचूहोल येथे, म्हणजे आजच्या इंचॉन भागात, वस्ती करतो. ओन्जो हान नदीच्या खोऱ्यात विर्ये येथे राहतो. मिचूहोलची जमीन ओली आणि पाणी खारट, तेथे लोकांना सुखाने राहता येईना. विर्येची भरभराट पाहून बिर्यू खजील होतो आणि त्याच दुःखात मरतो. त्याचे लोक ओन्जोला येऊन मिळतात.

हे वाचताना दैवी कथेपेक्षा वारसाहक्काच्या तंट्याचा कागद वाचल्यासारखे वाटते. त्याच ग्रंथात दुसरे कथनही दिले आहे. त्यात हे दोघे जुमोंगचे मुलगेच नाहीत, सोसॉनो या स्त्रीला तिच्या पहिल्या नवऱ्यापासून, उथेपासून, झालेले आहेत. सोसॉनोने आपली मालमत्ता ओतून जुमोंगला राज्य उभारायला मदत केली आणि पुढे मुलांना घेऊन तीच बाहेर पडली. किम बूसिक यांनी दोन्ही कथने जवळ जवळ ठेवली आणि यांतील खरे कोणते ते कळत नाही असे सरळ लिहून टाकले. त्यांच्यावर नीरसपणाचा आरोप नेहमी होतो, पण हा प्रामाणिकपणा त्यांच्या पदरात टाकायला हवा.

बेक्जेला नवा दैवी जन्म नको होता, कारण त्यांचा दावाच वेगळा होता. आम्ही बुयोच्या घरातली एक पाती आहोत, एवढे सांगणे त्यांना पुरेसे होते. राजघराण्याचे आडनावच बुयो. ओन्जोच्या पहिल्या वर्षी त्याने दोंगम्यॉंगचे देवस्थान उभारले अशी नोंद आहे, म्हणजे पूज्य मूळपुरुष वरच्या पिढीत आधीच होता. ४७२ मध्ये राजा गेरो याने चीनमधील उत्तर वेई दरबाराला गोगुर्योविरुद्ध मदत मागणारे पत्र पाठवले, त्यातही आमचे आणि गोगुर्योचे मूळ एकच, बुयो, असे म्हटले आहे. ती मदत आली नाही, आणि ४७५ मध्ये गोगुर्योने राजधानी घेऊन गेरोला ठार केले. पुढे ५३८ मध्ये राजा सॉंग याने राजधानी साबी येथे हलवली आणि राज्याचे नावच ‘दक्षिण बुयो’ ठेवले. तोवर मूळ बुयो ४९४ मध्ये गोगुर्योला शरण जाऊन संपले होते. घर पडल्यावर घराचे नाव धाकट्या पातीने उचलले. दुसऱ्या बाजूला, शिलालेखप्रेमी यांनी वर्णन केलेल्या त्या स्तंभावर गोगुर्योने बेक्जेचे नाव मुद्दाम बिघडवून ‘बेक्जान’ असे कोरले आहे. त्यातले शेवटचे अक्षर उरल्यासुरल्या गाळाच्या अर्थाचे. एवढी कडवट भाषा भाऊबंदकीतच ऐकू येते.

याला जमिनीतला पुरावाही आहे. सोलमधील सॉकछोन-दोंग येथे बेक्जेच्या आरंभकाळातील दगडी पायऱ्यापायऱ्यांची थडगी आहेत आणि त्यांची घडण जिआनकडील गोगुर्योच्या थडग्यांशी मिळते. तेव्हा निदान राज्यकर्त्या थरातील काही लोक, अथवा त्यांच्या चालीरीती, उत्तरेकडून आल्या एवढे मानायला आधार आहे. हे दोन भाऊ खरोखर होते की मिचूहोल आणि विर्ये या दोन गटांच्या एकीकरणाला भावांचे रूप दिले गेले, यात मी दुसऱ्या बाजूला झुकतो. चिनी इतिहासांत तर बेक्जेचा संस्थापक म्हणून गुथे हे तिसरेच नाव येते.

उत्तर: जुनीपाने

सिल्लाबद्दल कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून थोडी भर घालतो.

सिल्लाचे वैशिष्ट्य असे, की त्यांच्याकडे मूळपुरुष एक नाही, तीन आहेत. पाक, सॉक आणि किम या तीन कुळांतून राजे झाले आणि प्रत्येक कुळाची कथा वेगळी आहे. सहा गावांचे प्रमुख राजा हवा म्हणून जमतात, तेव्हा नाजोंग विहिरीपाशी एक पांढरा घोडा गुडघे टेकून बसलेला दिसतो. घोडा आकाशात निघून जातो आणि मागे राहिलेल्या अंड्यातून ह्यॉकगॉसे निघतो. अंडे भोपळ्यासारखे, म्हणून आडनाव पाक. त्याची राणी आर्योंग ड्रॅगनच्या बरगडीतून जन्मते. तिचे ओठ कोंबडीच्या चोचीसारखे असतात आणि ओढ्यात न्हाऊ घातल्यावर ती चोच गळून पडते. राजाराणी दोघांनाही अद्भुत जन्म मिळणे इतरत्र सहसा आढळत नाही, आणि सहा गावांच्या प्रमुखांनी राजा निवडणे हेही नाही. गोगुर्योचा राजा नदी ओलांडून येतो; सिल्लाचा राजा स्थानिक प्रमुखांच्या सभेसमोर प्रकट होतो. सिल्लात पुढेही सरदारांच्या सभेला फार वजन होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

मला सर्वांत आवडतो तो सॉक थाल्हे. हाही अंड्यातून जन्मलेला, पण पेटीत घालून समुद्रात सोडलेला आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागलेला उपरा. राहायला जागा शोधत तो थोहाम डोंगरावर चढतो, खाली चंद्रकोरीच्या आकाराची सुरेख टेकडी पाहतो, पण तेथे होगोंग नावाच्या सरदाराचे घर असते. थाल्हे रात्री गुपचूप घराच्या कडेला सहाणेचे दगड आणि कोळसा पुरून येतो आणि सकाळी दारात जाऊन हे आमचे वडिलोपार्जित घर आहे असा दावा ठोकतो. प्रकरण अधिकाऱ्यांपुढे जाते. पुरावा काय, असे विचारल्यावर तो म्हणतो की आम्ही मूळचे लोहार, काही काळ बाहेरगावी गेलो होतो, जमीन खणून पाहा. खणल्यावर कोळसा आणि दगड निघतातच, आणि घर त्याला मिळते. खोटा पुरावा पुरून खटला जिंकणारा राजा, आणि ग्रंथकार ही हकिकत त्याच्या हुशारीचा दाखला म्हणून सांगतो! पण कोळसा आणि सहाण ही लोहाराच्या भट्टीची खूण आहे हे विसरू नये. तिसऱ्या शतकातील चिनी नोंदीप्रमाणे द्वीपकल्पाच्या याच आग्नेय भागातून लोखंड आजूबाजूच्या सर्व लोकांना जात असे आणि बाजारात ते पैशासारखे चालत असे. लोखंड घडवणारा उपरा गट येतो आणि जुन्या घराण्याची मोक्याची जागा बळकावतो, ही आठवण या गमतीदार कथेखाली असण्याचा पुष्कळ संभव आहे.

हाच थाल्हे गायाच्या कथेत भेटतो, तेव्हा चित्र पालटते. तेथे तो सूरोचे राज्य हिसकावायला येतो. दोघांत रूपे पालटण्याची चढाओढ लागते. हा ससाणा झाला की तो गरुड होतो, हा चिमणी झाला की तो बहिरी ससाणा होतो. शेवटी थाल्हे हार मानून जहाजातून पळतो. एकाच माणसाला एका घरात राजाची गादी आणि शेजारच्या घरात पराभव मिळाला.

किम कुळाची कथा सर्वांत उशिराची. ग्येरिम वनात झाडाला सोन्याची पेटी टांगलेली, खाली पांढरा कोंबडा आरवतो आहे, पेटीत बालक आल्जी. तो स्वतः राजा होत नाही. त्याचा सातव्या पिढीतला वंशज मिचू २६२ मध्ये होतो, आणि नेमुल (३५६) पासून गादी, दहाव्या शतकातील काही पाक राजे सोडले तर, किम घराण्यातच राहते. सत्ता पूर्णपणे हाती असूनही किमांनी पाक आणि सॉक यांच्या कथा पुसल्या नाहीत, स्वतःला तिसरी जागा घेतली. या दोन्ही कुळांशी सोयरीक कायम होती, हे त्याचे कारण असावे. पण हेच घराणे तांग साम्राज्याशी जवळीक झाल्यावर काय करते पहा. सातव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या राजा मुनमूच्या स्मारकलेखाचे जे तुकडे उरले आहेत, त्यांत पूर्वज म्हणून हान दरबारात मान मिळवलेल्या श्योंगनू (चीनच्या उत्तरेकडील भटके लोक) राजपुत्राकडे निर्देश आहे. घरच्यांसाठी सोन्याची पेटी, आणि चिनी अक्षरे वाचणाऱ्या जगासाठी चिनी इतिहासात नाव असलेला पूर्वज.

एक छोटी नोंद. १९७३ मध्ये ग्योंगजू येथील छॉनमाछोंग हे थडगे उघडले, तेव्हा भूर्जसालीच्या खोगीरपाखरांवर रंगवलेला पांढरा घोडा मिळाला, हे प्रसिद्ध आहे. त्याच थडग्यात एका मडक्यात कोंबडीची अंडीही होती. त्यावरून ह्यॉकगॉसेपर्यंत उडी मारण्याचे धाडस मी करणार नाही; ती मृताची शिदोरीही असू शकेल.

पुन्हा प्रश्न: वाचनवेल्हाळ

आपणा सर्वांचे आभार. बेक्जेचे कोडे मला उलटेच दिसत होते. आणखी दोन गोष्टी विचारतो. पहिली दानगुनची, म्हणजे कोरियाचा आद्य राजा मानल्या जाणाऱ्या पुरुषाची: त्याच्या राज्यस्थापनेच्या इ.स.पू. २३३३ या सनावर विश्वास ठेवावा का? दुसरी, गायाची राणी अयोध्येहून आली असे आपल्याकडे अनेक ठिकाणी छापून येते, त्यात तथ्य किती?

उत्तर: शिलालेखप्रेमी

दानगुनविषयी माझे म्हणणे बऱ्याच जणांना आवडत नाही, तरी सांगतो. कथेचा काळ सर्वांत प्राचीन, पण लेखी पुरावा सर्वांत अर्वाचीन, अशी ही गोष्ट आहे. आज उपलब्ध असलेले तिचे पहिले सविस्तर कथन इर्यॉन या बौद्ध भिक्षूच्या ‘सामगुक युसा’त आहे, म्हणजे १२८० च्या दशकातले. स्वर्गपुत्र ह्वानुंग तीन हजार अनुयायांसह थेबेक पर्वतावरील पवित्र वृक्षाखाली उतरतो. अस्वल आणि वाघ माणूस होण्याची इच्छा धरतात. तो त्यांना दवण्याच्या जातीची एक कडू वनस्पती आणि लसणाच्या वीस पाकळ्या देऊन शंभर दिवस उन्हात न येण्यास सांगतो. वाघाचा धीर सुटतो. अस्वल एकविसाव्या दिवशी स्त्री होते, आणि ह्वानुंगपासून तिला झालेला मुलगा दानगुन गोजोसॉन हे राज्य स्थापतो. वाघाला देव मानून पूजणाऱ्या ये नावाच्या लोकांची नोंद तिसऱ्या शतकातील चिनी इतिहासात असल्यामुळे, अस्वल आणि वाघ ही दोन कुळांची प्रतीके असावीत हा तर्क निराधार नाही.

सनाची गोष्ट मात्र सोडून द्यावी. दानगुनचे राज्य पौराणिक चिनी सम्राट याओच्या पन्नासाव्या वर्षी, अमुक नावाच्या वर्षी, सुरू झाले असे मजकुरात आहे, आणि खाली इर्यॉन स्वतःच बारीक अक्षरांत टीप देतात की ते वर्ष चक्रात त्या नावाचे येत नाही, म्हणून हे खरे नसावे. इ.स.पू. २३३३ हा आकडा पुढच्या लेखकांनी याओचे वेगळे वर्ष धरून ठरवला. दक्षिण कोरियात १९४८ ते १९६१ या काळात तोच शक सरकारी कागदांवर चालत होता, आणि ३ ऑक्टोबरचा स्थापनादिन आजही सुटीचा दिवस आहे. उत्तर कोरियाने तर १९९३ मध्ये प्याँगयांगजवळ दानगुनचे थडगे व अस्थी सापडल्याचे जाहीर करून पुढच्याच वर्षी तेथे भव्य स्मारक बांधले. बाहेरच्या अभ्यासकांनी तो दावा मान्य केलेला नाही. गोजोसॉन हे राज्य खरे होते, ते हान साम्राज्याने इ.स.पू. १०८ मध्ये बुडवले. पण इसवी सनापूर्वी चोविसाव्या शतकात द्वीपकल्पात राज्य म्हणता येईल अशा संस्थेचा मागमूस पुरातत्त्वाला मिळत नाही.

मग महत्त्व कशाचे? मंगोलांच्या स्वाऱ्या १२३१ पासून सुरू होऊन देश दीर्घकाळ भरडला गेला होता. त्याच सुमारास, १२८७ मध्ये, यी सुंगह्यू यांनी रचलेल्या इतिहासकाव्यात सिल्ला, गोगुर्यो, बुयो अशी सगळी राज्ये दानगुनच्या वंशात ओवलेली दिसतात. याआधी प्रत्येक घराण्याची आपापली कथा होती आणि त्या एकमेकींवर कुरघोडी करत होत्या. आता प्रथमच सर्वांच्या वर एक मूळपुरुष बसवला गेला. इर्यॉन यांच्याही वंशतक्त्यात जुमोंग हा दानगुनचा मुलगा म्हणून येतो, जरी कालगणनेने दोघांत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. हा घोटाळा त्यांना दिसला नसेल असे मला वाटत नाही.

उत्तर: दक्षिणवाट

गायाबद्दल मी लिहितो. ‘सामगुक युसा’त समाविष्ट असलेल्या, मुळात १०७६ च्या सुमारास संकलित झालेल्या गाराक (म्हणजे गिम्हे येथील गाया) राज्याच्या वृत्तांतात ही हकिकत आहे. इ.स. ४२ मध्ये नऊ प्रमुख गुजी टेकडीवर जमतात, ‘कासवा, डोके बाहेर काढ, नाही काढलेस तर भाजून खाऊ’ असे गाणे म्हणत नाचतात आणि आकाशातून जांभळ्या दोरीने सोन्याची पेटी खाली येते. देवाला चक्क धमकी देऊन राजा मागणारे हे गाणे मला या सगळ्या साहित्यातील सर्वांत जुना धागा वाटतो. राणी हॉ ह्वांग-ओक इ.स. ४८ मध्ये लाल शिडाच्या जहाजातून येते, ‘आयुथा’ देशाची सोळा वर्षांची राजकन्या म्हणून. तिला आणायला गेलेल्या सरदारांबरोबर जायला ती साफ नकार देते. तुमची माझी ओळख नाही, अशी कशी मागे येऊ, असा तिचा सवाल असतो. राजाला राजवाडा सोडून डोंगराच्या कडेला तंबू ठोकून तिची वाट पाहावी लागते. मग ती किनाऱ्यावर उतरून आपली रेशमी विजार काढून पर्वतदेवतेला अर्पण करते आणि पुढे येते.

आयुथा म्हणजे अयोध्या, हे समीकरण नामसाम्यावर उभे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ते नगर साकेत या नावाने अधिक परिचित होते. आणि मजकूर लिहिणाऱ्या काळात कोरियात बौद्ध धर्म पूर्ण रुजलेला होता, तेव्हा पवित्र भारतीय भूमीशी नाते जोडण्याचे कारण उघड आहे. अयोध्येत २००१ मध्ये राणीचे स्मारक झाले, गिम्हे येथील किम आणि हॉ ही आडनावे तिच्यापासून आली असे मानणारे लोक आजही आपसांत लग्ने टाळतात. हे सगळे श्रद्धेच्या पातळीवर आदरणीय आहे, पण त्याने पहिल्या शतकातला प्रवास सिद्ध होत नाही. त्यापेक्षा त्याच वृत्तांतातला एक रुक्ष तपशील मला मोलाचा वाटतो. राणीबरोबर सिन बो आणि जो ग्वांग हे दोन सेवक सपत्नीक आले होते. दुसऱ्या राजाची राणी ही सिन बोची मुलगी आणि तिसऱ्याची राणी जो ग्वांगची नात. म्हणजे समुद्रमार्गे आलेला एक गट पिढ्यान्‌पिढ्या राजाला मुली देत होता. तो गट कोठून आला हे कथेवरून ठरत नाही, पण गिम्हेच्या लोखंडावर जगणाऱ्या बंदरात अशा सोयरिकीचे मोल काय असेल ते सहज समजते.

गायात दुसरी कथाही आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. गोर्योंग भागातील दे-गायाच्या परंपरेत आकाशातून पेटी उतरत नाही. गाया पर्वताची देवी आणि स्वर्गदेव यांना दोन मुलगे होतात. पहिला दे-गायाचा राजा आणि दुसरा गिम्हेचा सूरो. पाचव्या शतकात गिम्हे मागे पडले आणि दे-गाया इतके पुढे आले की ४७९ मध्ये त्याच्या राजाने दक्षिण चीनमधील छी दरबारात स्वतंत्र वकील पाठवला. बेक्जेने धाकटी पाती होणे पत्करले होते. दे-गायाने कथेतच स्वतःला थोरले करून घेतले.

याच गोर्योंगमधील जिसान-दोंग येथे पाचव्या शतकाच्या अखेरीच्या एका लहान मुलाच्या थडग्यात सापडलेली मातीची खुळखुळ्यासारखी पोकळ गोळी २०१९ मध्ये प्रसिद्धीस आली. तिचा व्यास सुमारे पाच सेंटिमीटर. तिच्यावर टोकदार हत्याराने ओरखडून काही आकृत्या काढल्या आहेत, आणि उत्खननकर्त्यांनी त्यांत कासव, नाचणारी माणसे आणि आकाशातून खाली येणारी वस्तू पाहिली. इतर अभ्यासकांना त्या रेषांत तसे काही दिसत नाही. मी छायाचित्रे बराच वेळ पाहिली. कासवाची पाठ मला पटते, बाकीच्याबद्दल माझे मन अजून होत नाही.